मिनी कूपर एस फार आपटते, पाठ धरते: स्प्रिंग बदलायच्या आधी काय काय तपासायचं

सेकंडहँड कूपर एस घेतली की पहिल्या पावसाळ्यानंतर एक तक्रार ठरलेली असते, गाडी खूप आपटते, पाठ धरते, आईवडील मागे बसायला तयार होत नाहीत, आणि लगेच पुढचा प्रश्न, मऊ स्प्रिंग मिळतील का? जरा थांबा. २०१२ ला मिनी भारतात आली तेव्हाची आर ५६ आणि त्यानंतरची एफ ५६ (ही कंपनीची त्या त्या पिढीच्या मॉडेलची नावं), या दोन्ही गाड्या आमच्याकडे पुण्यात याच तक्रारीसाठी सारख्या येतात आणि त्यातल्या फार थोड्यांना खरोखर स्प्रिंग बदलाव्या लागतात. कंपनीने ही गाडी कडकच बनवलीय, ते मान्य. पण कडक गाडी वेगळी आणि आपटणारी गाडी वेगळी. कडक गाडीत रस्ता जाणवतो, एक झटका बसतो आणि विषय संपतो. आपटणाऱ्या गाडीत धाडकन आवाज येतो, स्टिअरिंग हातात थरथरतं, झटका संपल्यावरही गाडी हलत राहते. पहिली गोष्ट त्या गाडीचा स्वभाव आहे, दुसरी बिघाड आहे, आणि बिघाड बहुतेक वेळा स्वस्तात निघतो.

आधी लक्षणं नीट ओळखा

एकटे बसा, एसी आणि गाणी बंद, काचा खाली, आणि रोजच्याच रस्त्यावरून चक्कर मारा म्हणजे फरक कळेल. नक्की काय होतंय ते लिहून ठेवा, कारण "राइड खराब आहे" एवढं सांगून कुठल्याच मेकॅनिकला काही कळत नाही.

कमी वेगात, पॅच मारलेल्या डांबरावर सतत कडकड, बारीक थरथर: टायर आणि हवा, दहातल्या नऊ वेळा.

स्पीडब्रेकरवरून उतरताना किंवा मोठ्या खड्ड्यात एकच धाडकन: शॉकअप संपलाय किंवा बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबायच्या आधी गाडी ज्याच्यावर टेकते तो तुकडा) गेलाय, नाहीतर गाडी लो केलेली, म्हणजे उंची कमी केलेली आहे.

एक्सप्रेसवेला ८० ते १०० च्या वेगात गाडी डुलत राहते, पूल संपला तरी अजून एकदोनदा वरखाली होते: शॉकअप.

एकाच बाजूने टकटक, विशेषतः एक चाक वर चढताना: लिंक रॉड (सस्पेन्शनचा छोटा जोडदांडा) किंवा टॉप माउंट (शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो तो भाग).

ब्रेक मारला की पुढून थरथर, सरळ रस्त्यात स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं: लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) मागचा बुश (सांध्यातला रबर).

ठराविक वेगालाच स्टिअरिंग थरथरतं, वेग वाढला की कमी होतं: रिम वाकलाय किंवा बॅलन्सिंग गेलंय.

आणि शेवटचं, जे लोक सांगायलाच विसरतात: "काम करून आणल्यापासून जास्त कडक झाली." हे असेल तर खाली बुशचा भाग आधी वाचा.

हवा

फुकटातलं काम म्हणून आधी हे, आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडतो. दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात टायरच्या साइझनुसार आणि किती माणसं बसणार त्यानुसार वेगवेगळे आकडे असतात. तुमच्या साइझची आणि तुमच्या रोजच्या वजनाची ओळ शोधा. पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा एकट्याने फिरताना वापरला तर गाडी उगाच उडते. पंपावर बरेचदा कुठली गाडी आहे ते न बघता एकच आकडा मारतात, शिवाय तुम्ही चालवत गेलेले असता म्हणजे टायर तापलेले, हिशोब तिथेच चुकतो. टायरमधली हवा साधारण दर ५-६ अंश तापमान वाढलं की १ पीएसआयने वाढते, त्यामुळे सकाळी गाडी हलवायच्या आधी घरच्या मीटरने मोजा, चांगला मीटर एकदाच घ्यायचा असतो.

मऊ व्हावी म्हणून स्टिकरच्या खाली मात्र जाऊ नका. लो प्रोफाइल टायरमध्ये हवा कमी असली की खड्ड्यात टायर रिमवर चेपतो आणि रिम वाकतो, साइडवॉलच्या आतले धागे तुटून फुगा येतो. दोनतीन पीएसआयच्या आरामासाठी रिम आणि टायर दोन्ही जातात, असं करू नका.

हवा बरोबर केल्यावर दोन दिवस चालवा, मग पुढे जा. एकदम चार गोष्टी केल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

स्पोर्ट बटणाबद्दल पण विचारतात म्हणून सांगतो. आर ५६ ला ते बटण स्टिअरिंग आणि थ्रॉटल बदलतं, सस्पेन्शनला हात लावत नाही. एफ ५६ ला इलेक्ट्रॉनिक डॅम्परचा, म्हणजे बटणाने कडक-मऊ होणाऱ्या शॉकअपचा ऑप्शन होता, तो तुमच्या गाडीत असेल तरच मोड बदलल्यावर राइड बदलते. असेल तर शहरात स्पोर्टवर ठेवू नका, नसेल तर बटण दाबून काही होणार नाही.

टायर कुठला आहे आणि किती जुना आहे

टायरच्या कडेला डॉट लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाड्यांत हमखास दिसतं, नक्षी भरपूर शिल्लक पण रबर सुकून कडक झालेलं, नख रुतत नाही, ओल्या रस्त्यात पकडही नाही. असा टायर चांगला दिसतो म्हणून ठेवू नका.

मग बघा टायर रनफ्लॅट आहे का. या गाड्या बहुतेक रनफ्लॅटवर येतात. हवा पूर्ण गेली तरी साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता यावं म्हणून त्याच्या कडेच्या भिंती जाड आणि ताठ केलेल्या असतात, हवा नसताना गाडीचं वजन त्या भिंतीच पेलतात. म्हणजे जो भाग दबून खड्डा गिळायला हवा तोच भाग मुद्दाम न दबणारा बनवलाय. बारीक कडकडीचं हे सगळ्यात मोठं कारण. टायर तसेही बदलायला आलेले असतील तर साधे टायर टाका, फरक पहिल्याच चौकात कळतो.

पण साधे टाकल्यावर जबाबदारी तुमची, कारण या गाडीत स्टेपनी नाही. डिकीत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवायचाच, टायर प्रेशरची सिस्टिम रीसेट करायची आणि तिचा इशारा आला की गाडी बाजूला घ्यायची, रनफ्लॅटसारखं तसंच घरी जाता येत नाही. कडेला चीर पडली तर किटने भागत नाही, टो करावं लागतं. रात्री एकट्याने लांबचा प्रवास करणारं कोणी घरात असेल तर मी रनफ्लॅटच ठेवायला सांगतो, आराम थोडा कमी चालेल.

साइझचं गणित पण करून बघा. १७ इंची रिमवर २०५/४५ टायर येतो, त्याच्या भिंतीची उंची ९२ मिलिमीटर. १६ इंचीवर १९५/५५, तिथे १०७. पंधरा मिलिमीटर जास्त रबर मिळतं आणि चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, एक टक्क्याच्या आत फरक, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. कूपर एस ला १६ ची साइझ कंपनीनेच दिलेली आहे. जॉन कूपर वर्क्स (मिनीचं जास्त ताकदीचं मॉडेल) असेल तर मोठ्या ब्रेकमुळे १६ बसत नाही, रिम विकत घ्यायच्या आधी हे बघा. १७ वरून १८ वर गेलेली गाडी मऊ करून द्या म्हणून येते तेव्हा माझं उत्तर एकच, आधी १८ काढा. आणि टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, आणि कारण नसताना एक्स्ट्रा लोडवाला पण घेऊ नका, त्याची बांधणी सहसा जास्त ताठ असते.

रिम

चाकं फिरवून बॅलन्सिंग मशीनवर बघायला सांगा, बाहेरची कड चांगली असते आणि आतली वाकलेली असते, उभ्या गाडीत दिसत नाही. थोडा वाकलेला अलॉय सरळ होतो. तडा गेलेला वेल्ड करून वापरू नका, बदला. टायरच्या भिंतीवर फुगा दिसला तर गाडी तिथेच थांबवा.

खाली वाकून बघणं

यासाठी जॅक लागतो, आणि जॅकस्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, स्टँड नसतील तर सरळ गॅरेजच्या लिफ्टवर जा.

शॉकअपची बॉडी बघा. हलका तेलकट धुळीचा थर चालतो, ओघळ किंवा ओलेपणा दिसला तर तो गेला. बोनेट दाबून गाडी किती वेळा उसळते ते बघायची जुनी पद्धत या गाडीत फारशी उपयोगी नाही, स्प्रिंग एवढी कडक आहे की हाताने नीट दबतच नाही.

त्यापेक्षा भारी पद्धत सांगतो, खर्च नाहीच्या बरोबर. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, वरचा रबरी बूट थोडा सरकवून, प्लॅस्टिकची पातळ केबल टाय हलकेच बांधा, बॉडीला टेकवून. आता नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसकट फिरून या. शॉकअप जेवढा दबला तेवढी टाय वर सरकलेली असेल. वर बंप स्टॉप असतो, फोमसारख्या पॉलियुरेथेनचा तुकडा, शॉकअप पूर्ण दबायच्या आधी गाडी त्याच्यावर अलगद टेकावी म्हणून. टाय बंप स्टॉपपर्यंत पोचली तर घाबरू नका, कडक गाड्यांत तो थोडा कामात येतोच. पण साध्या रस्त्यावर टाय बंप स्टॉपमध्ये खोल घुसलेली दिसली, किंवा बंप स्टॉपचाच भुगा होऊन बूटमध्ये पडलेला निघाला, तर तुमचं धाडकन सापडलं. तिथे स्प्रिंगचा काही दोष नाही, प्रवास संपतोय आणि गाडी ठोकळ्यावर बसतेय. मऊ स्प्रिंग टाकली असती तर हेच दुपटीने झालं असतं!

या चाचणीला स्पीडब्रेकर निवडताना एक लक्षात ठेवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, २५ च्या वेगाने आरामात ओलांडता यावा असा. सोसायटीतला प्लॅस्टिकचा अरुंद उंचवटा त्यात कुठेच बसत नाही, तिथे कुठलीही गाडी आपटेल. त्यावरून निदान करू नका, मुख्य रस्त्यावरचा नीट बांधलेला शोधा.

लिंक रॉड हाताने धरून जोरात हलवा, खुळखुळला तर बदला. स्वस्त आहे आणि पंधरावीस मिनिटांचं काम, टकटक बहुतेक वेळा इथेच संपते.

बुश: काम करून आणल्यावर गाडी कडक झाली असेल तर

यावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण चांगल्या चांगल्या गॅरेजमध्ये हे होताना बघितलंय आणि गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला वाटतं पार्टच खराब निघाला.

लोअर आर्मचा रबरी बुश आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेला असतो. बोल्ट आवळला की ती नळी जागेवर घट्ट होते, आणि मग आर्म वरखाली होताना रबर पिळला जातो, तोच त्याचा प्रवास. आता गाडी लिफ्टवर आहे, चाकं खाली लोंबतायत, आणि मेकॅनिकने तशाच अवस्थेत बोल्ट आवळले. गाडी खाली उतरली की बुश उभ्या गाडीतच पिळलेला, ओल्या टॉवेलला पीळ देऊन ठेवावा तसा. परिणाम काय, गाडी थोडी उंच बसते, बारीक खड्ड्यात ताठ लागते, आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो.

उपाय सोपा आहे. ते बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उभी असताना पुढेमागे ढकलून बसू द्यायची आणि मग टॉर्क पान्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळायचे. चार खांबी लिफ्ट किंवा रॅम्प असेल तर उत्तम. नसेल तर काम सुरू करायच्या आधी, गाडी जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा, नंतर नकलखाली (चाक ज्याला बसतं तो भाग) जॅक लावून तेवढंच अंतर आणा आणि आवळा. गॅरेजवाल्याला आधीच शांतपणे सांगा की बोल्ट गाडी वजनावर असताना आवळा, आणि शक्य असेल तर समोर उभे राहा. बरेच जण ऐकतात, त्यांनाही काम चांगलं व्हावं असं वाटतंच.

लोअर आर्मचा मागचा बुश या गाडीचा नेहमीचा दुखरा भाग. आर ५६ ला तो तेल भरलेला असतो, फुटला की आसपास काळपट ओल दिसते. बदलताना लोक कडक पॉलियुरेथेनचा बुश टाकतात, ट्रॅकवर जाणाऱ्याने टाकावा, आरामासाठी आलेल्याने मूळ रबराचाच टाकावा.

टॉप माउंट आणि त्याची जागा

बोनेट उघडा, स्ट्रट (पुढचा स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) जिथे वर बॉडीला बसतो तिथल्या पत्र्यावर सरळ पट्टी आडवी ठेवा. जुन्या मिनींमध्ये, आर ५६ धरून, मोठ्या खड्ड्यांनी हा पत्रा खालून ठोकला जाऊन वर फुगतो. पट्टी मधे टेकतेय आणि कडेला फट दिसतेय, किंवा माउंटचे बोल्ट बाहेरच्या बाजूला कललेत, तर तुमचं काम इथे थांबलं. घरी हातोडी मारायची नाही. बॉडीचं काम करणारा जाणकार ते सरळ करून वर मजबुतीची प्लेट बसवतो, आणि त्यानंतर अलाइनमेंट.

शॉकअप

इथून खर्च सुरू होतो. लोकांना वाटतं जुना शॉकअप म्हणजे मऊ गाडी. उलट असतं. शॉकअप संपला की स्प्रिंगची उडी कोणी थांबवत नाही, चाक उडतं, परत आदळतं, बंप स्टॉपवर जातं, आणि तुम्हाला वाटतं गाडी कडक झाली. बदलताना एका अ‍ॅक्सलची जोडी एकदम बदला, सोबत बंप स्टॉप, बूट आणि टॉप माउंटचं बेअरिंग नवीन घ्या, मजुरी एकदाच लागते. आराम हवा असेल तर मूळ दर्जाचेच घ्या, "हेवी ड्यूटी" म्हणून जे देतात ते इथे नको.

ॲडजस्टेबल असतील तर नॉब अलगद पूर्ण मऊकडे नेऊन ठेवा आणि तिथून एकेक क्लिक वाढवत या, गाडी डुलायची थांबली की तिथेच सोडा. कॉईलओव्हरवर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) स्प्रिंगची खालची रिंग सैल करून मऊ करायचा प्रयत्न खूप लोक करतात. त्याने गाडी खाली बसते, साध्या (लिनियर) स्प्रिंगची ताकद तीच राहते, आणि प्रवास कमी झाल्यामुळे आपटणं वाढतं. रिंग वर घ्या, गाडी वर आणा, बऱ्याच वेळा तेवढंच पुरतं.

स्प्रिंग, सगळ्यात शेवटी

आधीच्या मालकाने गाडी लो केली असेल तर मूळ स्प्रिंग शोधून परत टाका, याला दुसरा उपाय नाही. मूळ शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग टाकली की वर जायला जागाच उरत नाही. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, विम्याच्या वेळी पण त्रास होतो.

गाडी मूळ उंचीवरच असेल आणि तरी स्प्रिंग मऊ करायची इच्छा असेल तर हा हिशोब बघा. एका कोपऱ्यावर समजा ३५० किलो वजन आहे आणि चाकापाशी स्प्रिंगची ताकद मिलिमीटरला २८ न्यूटन, तर बॉडी सेकंदाला साधारण १.४ वेळा डुलते. ताकद ४० केली तर १.७. म्हणजे स्प्रिंग चाळीसेक टक्के कडक करूनही डुलण्याचा वेग वीसच टक्के वाढतो. फॅमिली गाड्या १ ते १.५ मध्ये असतात, स्पोर्टी दीड ते दोनच्या आसपास. हा फरक अंगाला जाणवतो, पण धाडकन आवाज यातून येत नाही.

आणि मागे बसणाऱ्यांसाठी म्हणून फक्त मागच्या स्प्रिंग मऊ करू नका. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकातच हे दाखवलं होतं, खड्ड्यात पुढचं चाक आधी जातं आणि मागचं नंतर, त्यामुळे मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद डुलणारी ठेवली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट बसते. मागचं मऊ केलंत तर गाडी घोड्यासारखी पुढेमागे झुलेल आणि मागच्यांना जास्त त्रास होईल.

इथे थांबा आणि माहितगाराकडे द्या

स्ट्रटमधून स्प्रिंग काढणं घरी करू नका, हे मी हात जोडून सांगतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात किंवा जीव जाऊ शकतो, आणि बाजारात मिळणारे दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर घसरतात. भिंतीला किंवा जमिनीला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर असलेलंच गॅरेज निवडा. इलेक्ट्रॉनिक डॅम्पर असतील तर साधे टाकून वायर उघडी सोडू नका, फॉल्ट येतो, स्कॅनर असलेल्याकडेच जा. तुटलेली स्प्रिंग, फुगलेला पत्रा, अपघातात बसलेली सबफ्रेम, हलणारा बॉल जॉइंट, किंवा अचानक एका बाजूला ओढणारी गाडी यातलं काही दिसलं तर चालवत पण नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या.

आर्म, स्ट्रट किंवा स्प्रिंग यातलं काहीही उघडलं असेल तर चारही चाकांचं अलाइनमेंट करावंच लागतं, मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक आहे, नुसतं पुढचं करून भागत नाही. मशीनवर चढवायच्या आधी हवा स्टिकरप्रमाणे आहे का ते बघा, आणि आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा प्रिंट मागून घ्या.